दुधाचा पेला आणि चिंचणीचा ताम्रपट

तलासरीहून संजाण जवळच आहे. मध्ये राज्याची हद्द लागते, पण ती 1960 ची. त्याआधी संजाण ज्या उंबरगाव तालुक्यात होते तो ठाणे जिल्ह्यातच होता. 2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तलासरी, डहाणू तिकडे गेले. कागदावर जिल्हे बदलले, पण या पट्ट्याचा जुना इतिहास संजाणला वगळून सांगता येत नाही.

इथल्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला, माध्यम मराठी असो, गुजराती असो की आमच्यासारखे उर्दू, एक गोष्ट ठाऊक असते. इराणातून पारशी लोक गलबतांतून संजाणला आले. तिथल्या जादी राण्याने त्यांच्याकडे दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला. अर्थ असा की राज्यात जागा नाही. पारशांच्या दस्तुराने त्यात साखर टाकून पेला परत पाठवला. दूध सांडले नाही, गोड मात्र झाले. राजा खूश झाला आणि त्याने आसरा दिला.

आम्हीही ही गोष्ट वर्गात सांगतो. फक्त ती इतिहासाच्या तासाला सांगायची की भाषेच्या, याचा विचार करणे आवश्यक आहे. पारशांच्या आगमनाची सर्वात जुनी सलग हकीकत म्हणजे 'किस्सा-ए-संजान'. नवसारीच्या बहमन कैकोबाद संजाणा यांनी 1599 च्या सुमारास ती फारसी पद्यात लिहिली. त्या किश्शात दुधाचा पेला नाही, साखरही नाही. राजा आहे, त्याची शंका आहे, त्याच्या अटी आहेत: धर्माची माहिती द्यावी, इथली भाषा बोलावी, बायकांनी इथला पेहराव करावा, हत्यारे खाली ठेवावीत, लग्ने संध्याकाळी लावावीत. पेला मात्र मागाहून, तोंडी परंपरेतून आला आणि आज मूळ किश्शापेक्षा तोच जास्त प्रसिद्ध आहे.

मग हा पेला आला कुठून? आपल्या वाचकांपैकी अनेकांनी तो लहानपणी वेगळ्या नावाने ऐकलेला असेल. हजरत अब्दुल कादिर जिलानी बगदादला आले तेव्हा तिथल्या बुजुर्गांनी पाण्याने भरलेला पेला पाठवला, शहरात आधीच खूप वली आहेत हे सुचवण्यासाठी. हजरतांनी त्यावर गुलाबाचे फूल ठेवले. सेहवानला लाल शहबाज कलंदरांविषयीही अशीच गोष्ट सांगतात, तिथे पेल्यात दूध आहे. मुलतानला गुरू नानक गेले तेव्हा तिथल्या पीरांनी दुधाचा पेला पाठवला आणि नानकांनी त्यावर फूल ठेवले, असे शीख परंपरेत सांगतात. या सगळ्यांच्या आधीची एक गोष्ट सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी भिक्षूने लिहून ठेवली आहे. नागार्जुनाला भेटायला देव नावाचा पंडित आला. नागार्जुनाने त्याच्यापुढे पाण्याने भरलेले पात्र ठेवायला सांगितले आणि देवाने न बोलता त्यात सुई टाकली. पाणी म्हणजे माझे ज्ञान आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठणारी बुद्धी, असा उलगडा नागार्जुनाने केला.

म्हणजे हा पेला एका जमातीचा नाही. ती कथा सांगण्याची एक युक्ती आहे, आणि ती गावोगाव, धर्मोधर्म फिरलेली आहे. मराठीत लोकसाहित्याचे अभ्यासक अशा फिरत्या घटकाला 'कल्पनाबंध' म्हणतात. दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (1956) सारख्या ग्रंथांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत आणला. अमेरिकेतल्या स्टिथ थॉम्प्सन यांनी 1932 ते 1936 या काळात जगभरच्या कथांतले असे घटक वेचून, त्यांना अक्षरे आणि आकडे देऊन सहा खंडांची सूची केली. राक्षसाचा जीव पोपटात असणे हा त्यात एक घटक, परीक्षा आणि कोडी यांचा तर एक अख्खा विभाग. आपल्या मुंबईचे नावही या इतिहासात आहे. 1884 साली मुंबईत निघालेल्या आपल्या पंजाबी कथांच्या पुस्तकाला रिचर्ड टेंपल यांनी एक तक्ता जोडला होता आणि त्यात हिंदुस्थानी कथांत पुन्हापुन्हा येणारे प्रसंग नावे देऊन मांडले होते. त्या तक्त्यासाठी त्यांनी मेरी फ्रिअर यांच्या 1868 च्या दख्खनी कथाही वापरल्या. त्या कथा सांगणारी होती अ‍ॅना लिबराता डिसोझा नावाची आया. तिचे नाव पुस्तकात आले हे त्या काळाच्या मानाने विशेषच म्हणायचे.

पण नावे ठेवण्याचे काम फक्त पंडितांनी केले असे नाही. आम्ही उर्दूवाले, म्हणून आम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1855 साली गालिब लखनवी यांनी 'दास्तान-ए-अमीर हमजा' कलकत्त्यात छापली, तेव्हा दास्तानीत चार गोष्टी असतात हे सांगून टाकले होते: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. म्हणजे युद्ध, मैफल, जादूची रचना आणि वेषांतराची चलाखी. यातला गालिब तो दिल्लीचा नव्हे. त्याशिवाय 'दास्तान रोकना' अशीही एक कला होती. नेमक्या उत्कंठेच्या जागी गोष्ट थांबवायची आणि वर्णनावर वर्णन चढवत श्रोत्यांना दिवसेंदिवस तिथेच बसवून ठेवायचे. प्रेमी आणि प्रेमिका यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे आणि तो पडदा कित्येक दिवस उठतच नाही, असा लखनौचा किस्सा सांगतात. थॉम्प्सन यांची नावे कथा लावून ठेवण्यासाठी होती, दास्तानगोंची नावे कथा घडवण्यासाठी. सुतार जसा आपल्या हत्यारांना नावे देतो तशी. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली 1928 साली गेले. त्यानंतर ही नावे बरीच वर्षे पुस्तकांतच राहिली. 2005 साली शमसुर्रहमान फारुकी यांच्या प्रेरणेने महमूद फारुकी यांनी दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली तेव्हा ती परत कानावर पडू लागली.

ही नावे हाताशी असली की 'किस्सा-ए-संजान' वाचताना आम्हा उर्दूवाल्यांना तो परका वाटत नाही. सुरुवातीला हम्द आहे. मग रावी येतो: ही हकीकत आपण एका जाणत्या दस्तुराकडून ऐकली, असे कवी सांगतो. समुद्रात तुफान येते आणि नवस बोलला जातो, किनाऱ्याला लागलो तर पवित्र अग्नी स्थापन करू. वर्षांचे आकडेही गोष्टीतले आहेत: डोंगरात शंभर, दीवला एकोणीस, पुढे बाहरोटच्या डोंगरात बारा. आणि शेवटी रज्म. सुलतान महमूदाचा सरदार अल्फखान संजाणवर चालून येतो, आणि राजाच्या बाजूने अर्देशीर नावाचा पारशी वीर लढतो. ते वर्णन 'शाहनामा'च्या परंपरेतले आहे हे फारसी वाचणाऱ्याला लगेच कळते.

इथे आपल्यातल्या काहींना मोह होईल की हे सगळे काव्यच, अल्फखानही काव्यच. तो मोह बरा नव्हे. युक्ती ओळखली म्हणजे घटना खोटी ठरली असे होत नाही. काही अभ्यासक तो महमूद म्हणजे गुजरातचा महमूद बेगडा मानतात. बाहरोटच्या गुंफा डहाणू तालुक्यात आजही आहेत आणि पारशी लोक श्रद्धेने तिथे जातात. संजाणला 2002 पासून उत्खनन झाले. त्यात पश्चिम आशियातली झिलईची भांडी, चिनी मातीची भांडी आणि एका दोखम्याचे अवशेष मिळाले. बंदर खरे, वस्ती खरी, पळापळही खरी असू शकते. पेला मात्र कुणी जमिनीतून काढणार नाही.

आता पेल्याकडे पुन्हा पाहू. नाव दिल्यावर त्यातला फरक दिसू लागतो. सुई तळाला जाते. गुलाब वर तरंगतो, जागा अडवत नाही, पण वेगळा दिसत राहतो. साखर विरघळते. बाहेरून आलेल्याने यजमानाला काय उत्तर द्यावे याची ही तीन वेगळी उत्तरे आहेत. पारशी समाजाने स्वतःविषयी तिसरे निवडले, तो त्यांचा अधिकार. आमची हरकत आहे ती त्याच साखरेचे माप इतरांना लावण्याला. तुम्ही का नाही विरघळलात, हा प्रश्न आमच्या मुलांना बसमध्ये, बाजारात, कधी शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. त्या प्रश्नाच्या मागे हाच पेला असतो, विचारणाऱ्याला ते ठाऊक नसले तरी.

आणि या किनाऱ्यावर प्रत्येक जण पेला घेऊनच उभा होता असेही नाही. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या प्रांताचा, अधिकारी म्हणून एका ताजिकाचे नाव येते. ताजिक म्हणजे अरब. पंचांगवाल्यांचे 'ताजिक ज्योतिष' ते याच शब्दातले. त्याचे नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद, आणि दुसरे नाव सुगतिप. हा प्रांत त्याला कृष्णराजाने, म्हणजे दुसऱ्या कृष्णाने, दिला होता. त्याने नदी ओलांडायला फुकट नाव सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. एका ब्राह्मणाने देवीसाठी मठ बांधला, त्याला सुगतिपाने राजाच्या संमतीने एक गाव आणि जमीन दिली.

ताम्रपटातही ठरलेल्या युक्त्या असतात, हे मुलांना सांगायला हवे. राजाची स्तुती, शत्रूंचा पाडाव, दान हिरावणाऱ्याला शाप, हे सगळे साच्यातले असते. साचा बाजूला केला की उरते ती नाव, ते तूप आणि ती जमीन. इथे कुणी जागा मागत नाही आणि कुणी विरघळत नाही. राजाने नेमलेला एक अधिकारी आपले काम करतो आहे, एवढेच. आणखी एक गंमत आहे. पारशी 936 साली आले असे मानणारा अभ्यासकांचा एक पक्ष आहे, 716 मानणारा दुसरा. 936 धरले तर त्याआधी दहाच वर्षांपूर्वी संजाणच्या घाटावर ज्याच्या नावाने होडी चालत होती तो मुसलमान होता. किश्शात त्याचा पत्ता नाही. किश्शाला एक राजा पुरतो, कारण ही युक्तीच एका राजाची आहे.

चिंचणीचा दुसरा एक ताम्रपट 1034 चा, चामुंडराजाचा. त्यात संजाणच्या नागरिकांची नावे येतात. अल्लिय, महर, मधुमत ही नावे मुसलमान व्यापाऱ्यांची मानतात. शिवाय 'हंयमन' असा शब्द येतो, तो फारसी 'अंजुमन' शी जोडतात आणि त्यात पारशांची जमात पाहतात. कारण साधे होते. मठातल्या दिव्यासाठी राजाने एक तेलाचा घाणा दान दिला होता, आणि ते दान सांगताना गावातल्या प्रतिष्ठितांची नावे घ्यावी लागली.