क्वाडची गोष्ट: खेळातून कामाकडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी बरीच कुटुंबं मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडे तळ्याकाठच्या केबिनवर जातात. तिथं शेजारच्या अंगणात हमखास दिसते जाड टायरची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. हीच ती एटीव्ही. आज तिचा इतिहास ऐकू या.

सुरुवात १९७० मधली, आणि तीही तीन चाकांवर! हिवाळ्यात अमेरिकेतल्या मोटरसायकल विक्रेत्यांचा धंदा बसायचा. त्यांच्या हाती बर्फातही चालेल असं काहीतरी द्यावं, म्हणून होंडानं फुग्यासारख्या टायरची तीनचाकी काढली. ती वाळूत, चिखलात रुतत नसे. पण मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरत, त्यामुळे वळताना सगळा तोल चालवणाऱ्यानं सांभाळायचा. तो चुकला की गाडी उलटे.

१९८२ मध्ये सुझुकीनं चारचाकी क्वाडरनर आणली आणि लवकरच वेगाची चढाओढ लागली. १९८५ ची क्वाडरेसर, १९८७ ची यामाहा बॅन्शी. हलक्या गाड्या, इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना. वाळूच्या टेकड्यांवर उडवायला मजा, पण सामान ठेवायला जागा नाही.

त्या वर्षांत अपघातांत माणसं दगावत होती, त्यांत मुलंही पुष्कळ. अखेर १९८८ मध्ये सरकार आणि पाच कंपन्यांमध्ये न्यायालयात तडजोड झाली. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. ९० सीसीपेक्षा मोठी गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असं ठरलं.

तोवर दुसरी वाट सुरू झाली होती. १९८६ मध्ये होंडानं चारही चाकांना जोर देणारी फोरट्रॅक्स ३५० आणली. साखळीऐवजी शाफ्ट, पुढेमागे सामानाचे रॅक. नव्वदच्या दशकात मिनेसोटाच्याच पोलारिसची स्पोर्ट्समन आली. तिला क्लच दाबायची, गिअर बदलायची कटकट नव्हती. शेतकऱ्यानं तिच्यावर चारा वाहिला, शिकाऱ्यानं हरीण आणलं, घरमालकानं पुढे फाळ लावून बर्फ सारला. शर्यतीचा क्वाड रविवारी बाहेर निघायचा, ही गाडी रोज. गिऱ्हाईक तिकडे वळलं. होंडा आणि कावासाकीनं आपले ४५० सीसीचे शर्यतीचे क्वाड पुढे बंद केले. यामाहा मात्र अजून बनवते.

पण श्रोतेहो, एक गैरसमज नको. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी उलटत नाही, असं मुळीच नाही. उलट कामाची गाडी जड, अंगावर आली तर माणसाला उचलत नाही. केबिनवर मुलं म्हणतीलच, "काका, एकच राउंड!" तेव्हा १९८८ आठवा. हेल्मेट हवंच, एका सीटवर दोघं नकोत, डांबरी रस्त्यावर तर नकोच. आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठी गाडी देऊ नका. मुलं रुसतील, पण संध्याकाळी जेवायला सगळी घरी असतील.