व्हेनिसची करमणूक

व्हेनिसला जाणारा प्रवासी गोंडोल्यांत बसतो, सेंट मार्कच्या चौकांत कॉफी घेतो आणि शहर पाहून झालें असें समजून परततो. ही सारी करमणूक अलीकडच्या हॉटेलवाल्यांनीं मांडलेली असावी, असा समज सहज होतो. परंतु तिचा पूर्वेतिहास चाळूं लागल्यास तिच्या मुळाशीं खुद्द सरकारच बसलेलें आढळतें.

१४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास पोंचला व व्हेनिसचा मिऱ्यांचा व्यापार तेव्हांच बुडाला, असें आम्ही शाळेंत शिकलों. तें तितकेंसें खरें नाहीं. तो व्यापार मध्यंतरीं पुन्हां सांवरला, आणि सतराव्या शतकांत, डच व इंग्रज कंपन्या पूर्वेकडे आल्यावर, खरा ओसरला. नेमक्या त्याच शतकांत, १६३७ सालीं, तिकीट काढील त्यास संगीत नाटक दाखविणारें सान कासियानो हें नाटकगृह तेथें उघडलें. पुढल्याच वर्षीं सरकारी परवानगीनें रिदोत्तो नांवाचें जुगारगृह निघालें. खेळणारानें मुखवटा घालावा, डाव मांडणारा मात्र उघड्या तोंडाचा सरदारच असावा, असा तेथील नियम! परदेशचे श्रीमंत तरुण तेथें पैसा उधळीत, हें सरकारास हवेंच होतें. पण त्यांच्याबरोबर घरचे सरदारही धुळीस मिळूं लागले, तेव्हां १७७४ सालीं महासभेनें तें बंद केलें. जुगार अर्थातच थांबला नाहीं. तो खासगी बैठकींत गेला.

ह्याहून आमचें मन अधिक गुंतलें तें अनाथ मुलींच्या गायनांत. तेथील चार धर्मादाय संस्थांत मुलींस उत्तम संगीत शिकवीत. पैकीं पिएता संस्थेंत १७०३ पासून व्हिवाल्डी शिक्षक होता. यूरोपभरचे प्रवासी तें गाणें ऐकण्यास येत. मुली मात्र जाळीआड. रूसो हा फ्रेंच वकिलाचा चिटणीस म्हणून १७४३ सालीं तेथें गेला. मेंदिकांती संस्थेंतील गाणें ऐकून, ह्या गायिका अप्सराच असल्या पाहिजेत, असें त्याच्या मनानें घेतलें. पुढें ओळखीनें आंत प्रवेश मिळाला, तों एक एकाक्ष, दुसरी देवीच्या व्रणांनीं विद्रूप! तरी पुढें ऐकतांना त्या त्यास सुंदरच वाटत, हें त्यानेंच प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. त्या मुलींस ह्या पाहुण्याविषयीं काय वाटलें, तें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं.

१७९७ सालीं नेपोलियनपुढें प्रजासत्ताक कोसळलें. मुखवट्यांचा जुना उत्सवही मावळला. तो मोठ्या प्रमाणावर पुन्हां सुरू झाला तो १९८० च्या सुमारास, आणि तोही प्रवाशांच्या आशेनेंच.

मूळ शहरांत १९५१ सालीं सुमारें पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ पर्यंत ते ५०,००० च्या आंत आले. २५ एप्रिल २०२४ रोजीं, एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशाकडून ठराविक दिवशीं ५ युरो प्रवेशपट्टी घेण्यास आरंभ झाला. त्याच दिवशीं शेंकडों रहिवासी प्रवेशद्वाराशीं निषेधास जमले. आपल्या घरच्या रस्त्यांवर तिकीट बसावें, हें त्यांस रुचलें नव्हतें.