माळ्यावर मुरलेला रस

उत्तर इटलीतील मोदेना आणि रेज्जो एमिलिया या दोन शेजारी शहरांच्या परिसरात, पिकलेल्या द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवून तो लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवण्याची जी परंपरा आहे, तिच्यातून बाल्सॅमिक व्हिनेगर जन्मले. आज हे नाव घेतले की सॅलडवर घालायचे किंवा ऑलिव्ह तेलाबरोबर वाटीत घेऊन त्यात पाव बुडवायचे काळसर, आंबटगोड मिश्रण डोळ्यांसमोर येते; परंतु या प्रदेशाबाहेर त्या वापराला जेमतेम अर्धे शतक झाले आहे, आणि ज्या पदार्थाने हे नाव कमावले तो सढळ हाताने ओतण्याचा कधीच नव्हता.

साधे व्हिनेगर वाइन आंबून तयार होते, तर पारंपरिक बाल्सॅमिक मुख्यतः त्रेब्बियानो आणि लाम्ब्रुस्को या द्राक्षांच्या, वाइन होण्याआधीच आटवलेल्या रसापासून बनते. असा रस आटवण्याची रीत रोमन काळापासूनची असून, पहिल्या शतकातील शेतीविषयक लेखक कोलुमेल्ला याने तिचे वर्णन केले आहे. एमिलियात या रसाला ‘साबा’ म्हणतात आणि मराठी वाचकाला त्याची कल्पना उसाच्या काकवीवरून सहज यावी. पुढचे काम यीस्ट, जिवाणू, लाकूड आणि हवामान यांचे असते. पिंपे तळघरात न ठेवता घराच्या माळ्यावर ठेवतात, कारण उन्हाळ्यात छपराखाली तापणाऱ्या हवेत रसातील पाणी उडून तो दाट होतो आणि हिवाळ्याच्या गारठ्यात निवळत जातो. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा निरनिराळ्या लाकडांची, क्रमाने लहान होत जाणारी पिंपे एका ओळीत मांडलेली असतात आणि या संचाला ‘बात्तेरिया’ म्हणतात. प्रत्येक पिंपाच्या पाठीवरचे तोंड बुचाने बंद न करता त्यावर केवळ कापड पसरलेले असते, जेणेकरून आतल्या रसाला हवा मिळावी. वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडासा रस काढला जातो, ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरली जाते, त्याची त्याहून मोठ्यातून, आणि सर्वांत मोठ्यात नव्या हंगामाचा आटवलेला रस पडतो. त्यामुळे लहान पिंपातल्या एकाच थेंबात कितीतरी वर्षांचे रस एकत्र असतात. ‘मुरणे’ या मराठी क्रियापदात जी प्रदीर्घ, न दिसणारी प्रक्रिया अभिप्रेत आहे, तीच येथे घडते.

या परंपरेचा आरंभ सांगताना 1046 सालाचा उल्लेख नेहमी केला जातो. पवित्र रोमन साम्राज्याचा राजा तिसरा हेन्री राज्याभिषेकासाठी रोमकडे जात असता कानोस्साच्या बोनिफाचो या सरदाराने त्याला चांदीच्या पात्रातून तेथले प्रसिद्ध व्हिनेगर भेट दिल्याची नोंद, दोनिझो या मठवासीयाने बाराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या लॅटिन काव्यचरित्रात आहे. तथापि त्या नोंदीत ‘बाल्सॅमिक’ हा शब्द नाही, आणि ते व्हिनेगर आजच्या पद्धतीनेच बनवलेले होते असे मानणे घाईचे ठरेल. तिच्यातून निश्चित कळते ते एवढेच की, या भूमीतले व्हिनेगर तेव्हाही राजाला नजर करण्याच्या योग्यतेचे मानले जाई. फेरारा हातचे गेल्यावर एस्ते घराण्याने 1598 मध्ये आपली राजधानी मोदेनाला हलवली, आणि त्यांच्याच तळघराच्या 1747 सालच्या नोंदवहीत ‘बाल्सॅमिको’ हे विशेषण प्रथम आढळते. त्याचा अर्थ ‘बाल्समासारखे’, म्हणजे सुगंधी औषधी लेपासारखे गुणकारी. नावच सांगते की हा पदार्थ स्वयंपाकघराइतकाच औषधांच्या फडताळातलाही होता.

मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांचा नवा संच सुरू करायचा आणि लग्नात तो तिच्याबरोबर द्यायचा, ही मोदेनातील कुटुंबांची चाल या व्यवसायाचे खरे स्वरूप दाखवते: व्हिनेगर हा विक्रीचा माल नव्हता, ते घरचे धन होते. फ्रान्चेस्को आगाझ्झोत्ती यांनी 1862 मध्ये एका पत्रात आपल्या घरची कृती तपशिलाने लिहिली आणि तोवर तोंडी चालत आलेले ज्ञान कागदावर उतरले. केवळ आटवलेल्या रसावर आधारलेली ती कृती आजच्या पारंपरिक उत्पादनाचा पाया आहे.

विसाव्या शतकात मात्र वाट दुभंगली. वाइन व्हिनेगरात आटवलेला रस मिसळून थोड्या काळात होणाऱ्या, कारखान्यातल्या प्रकाराला 1965 मध्ये सरकारी नियमांत जागा मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, जुनी रीत जपण्यासाठी स्पिलाम्बेर्तो गावी जाणकारांची संस्था स्थापन झाली. युरोपीय संघाने 2000 मध्ये ‘पारंपरिक’ बाल्सॅमिकला संरक्षित नाव दिले, ज्यासाठी किमान 12 वर्षे, आणि ‘एक्स्त्राव्हेक्क्यो’ या मोदेनातील वरच्या प्रतीसाठी किमान 25 वर्षे मुरवणे आवश्यक असते. ‘मोदेनाचे बाल्सॅमिक व्हिनेगर’ या दुसऱ्या प्रकाराला 2009 मध्ये वेगळे, सौम्य अटींचे संरक्षण मिळाले. त्याला लाकडाच्या सहवासात 60 दिवस पुरतात आणि रंगासाठी थोडे कॅरॅमलही चालते. पुढे 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने संरक्षण पूर्ण नावाला आहे, एकट्या ‘बाल्सॅमिको’ या शब्दाला नाही, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत असेल, पण पिढ्यांच्या संयमाने अर्थ मिळवलेला शब्द कोणत्याही बाटलीवर छापता यावा, ही हानी लहान नाही.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पोहोचले ते मुख्यतः हे दुसऱ्या प्रकारचे व्हिनेगर, आणि तेलात ते घालून पाव बुडवण्याची पद्धतही मोदेनाच्या घरांपेक्षा तिथल्या इटालियन रेस्टॉरंटांत रुळली. म्हणूनच सॅलडसाठी निवड करताना किमतीपेक्षा लेबलावरील घटकांचा क्रम अधिक सांगतो: द्राक्षरस आधी असेल तर व्हिनेगर दाट आणि गोडसर, पावाबरोबर शोभणारे असते, वाइन व्हिनेगर आधी असेल तर ते पातळ, आंबट आणि पानांना साजेसे असते. बारा वर्षांचे बाल्सॅमिक तेलात घुसळणे म्हणजे त्याचा गंध घालवणे; ते जेवणाच्या शेवटी पार्मेझान चीजच्या तुकड्यावर किंवा स्ट्रॉबेरीवर थेंबाने टाकतात. सॅलड कालवताना मीठ आधी व्हिनेगरात विरघळवतात, कारण तेलात ते विरघळत नाही, आणि तेल सर्वांत शेवटी घालतात, कारण तेलाने आधीच माखलेल्या पानावरून व्हिनेगर घसरून भांड्याच्या तळाशी जाऊन बसते.