स्प्रिंगची सुरी

आमच्या घराला गावात कुणी घर म्हणत नसे. साळ म्हणत, लोहाराची साळ. पुढं भाता, ऐरण आणि पाण्याची दगडी डोणी. मागं चूल आणि आम्ही.

गावगाड्यात लोहाराला मान होता. सुतार, लोहार, महार, मांग ही बलुत्यातली थोरली कास. वर्षभर फाळ शेवटायचे, विळ्या-खुरप्यांना पाणी द्यायचं, गाडीच्या चाकांना धावा चढवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, पुढं कारखान्यातले लोखंडी नांगर गावोगाव गेले आणि फाळाचं काम हळूहळू आटलं. मग मोटारी आल्या, टायरच्या गाड्या आल्या. धावांचं कामही गेलं. पण मोटारीनं जाता जाता एक देणंही दिलं. ट्रकचा मोडका कमानपाटा लोहाराला सोन्यासारखा. त्याचा कोयता चिवट निघायचा, धार धरायचा. आबा भंगारवाल्याकडून पाटे वजनावर आणत.

१९८६ च्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. आबांनी आणलेल्या पाट्यांत एक गोल स्प्रिंग आली होती, फियाटच्या पुढच्या चाकाची, अंगठ्याएवढ्या जाडीची. आबा म्हणाले, "हिचा काय उपेग न्हाई. तुला काय करायचं ते कर."

मी सुरी करायची ठरवली. माझी पहिली.

स्प्रिंग सरळ करण्यातच निम्मा दिवस गेला. एक वेढा लाल करायचा, ऐरणीच्या भोकात टोक अडकवायचं आणि सांडशीनं ओढत उलगडायचं. छिन्नीनं वीतभर तुकडा तोडला. पण गोल गजाचं चपटं पातं करायचं तर घण पाहिजे आणि आमच्याकडं घण आईच्या हातात. आबा सांडशीनं लोखंड धरणार, हातोडीनं जागा दाखवणार आणि त्या जागेवर आई घण घालणार. कितीतरी लोहारांच्या साळेत हेच चाले. त्या दिवशी आबांच्या जागी मी बसलो.

आईनं पदर खोचला. चार घाव घातले आणि थांबली. म्हणाली, "ह्ये आपलं लोखंड न्हाई. घण माघारी फेकतंय. लालीत हाय तवरच मारायचं, काळं पडलं की न्हाई."

पातं तयार झालं, कानशीनं घासलं. आता पाणी द्यायचं. भात्यावर धाकटी बहीण होती. पातं चांगलं लाल झाल्याबरोबर मी ते डोणीत बुडवलं. चर्र झालं आणि त्यातच बारीकसा 'टिंग'. बाहेर काढून बघतो तर धारेपासून वरपर्यंत केसाएवढी चीर. दोन दिवसांचं काम गेलं. आबा हसले. आई हसली नाही. "त्याला पाणी सोसंना. त्याल पाज," एवढंच म्हणाली.

उरलेल्या वेढ्यातून दुसरं पातं केलं. या वेळी डब्यात मोटारीचं जळकं ऑईल भरलं. भडका उडाला, धूर झाला, पण पातं शाबूत राहिलं. मग त्याची एक बाजू दगडावर घासून उजळ केली आणि पाठीकडून हळूहळू तापवली. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग धारेकडं सरकत आला. तो तांबूस व्हायच्या आत उतरवलं. लालबुंद शेपटी बाभळीच्या मुठीत जाळून बसवली, वर लाख ओतली.

पुढं आयटीआयला गेल्यावर कारण कळलं. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, शिवाय मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम. पाण्यात ते इतक्या झपाट्यानं आवळतं की पातळ पातं तडकतं. तेल त्याला सबुरीनं थंड करतं. वहीत लिहून घेताना मला आईचा घण आठवला. पुस्तकातलं हे सगळं तिला चार घावांत कळलं होतं.

बलुत्याचं धान्य आबांच्या नावानं यायचं. खळ्यावर पुकारा लोहाराचा, पंगतीला पान लोहाराचं. घण मारणारीचा वाटा कुठल्या कासेत धरला नव्हता. बलुतेदारीवर पुढं मी बरंच वाचलं. बारा जणांच्या याद्या सापडल्या, लोहारणीचा घण काही सापडला नाही. आणि मी तरी काय केलं? गावभर "मी केलेली सुरी" म्हणूनच दाखवत हिंडलो.

म्हातारपणी आईचा उजवा खांदा वर उचलत नव्हता. केस विंचरायला तिला सून लागायची. डॉक्टर म्हणाले, वयानं झिजलाय. मी गप्प राहिलो.

सुरी अजून घरात आहे. धार लावून लावून निम्मी झिजलीय. कुणी विचारलं की आता सांगतो, आईनं आणि मी केलेली.