'तुमचा देश'

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नाने आटोपून आम्ही फराळाला बसलो होतो. चकली मोडता मोडता माझ्या पुतणीने जाहीर केले, की ती खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी अर्ज करणार आहे. 2022 पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला, ही बातमी आमच्या घरी उशिरा का होईना, पोचली होती. आई क्षणभर गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, "पण का गं?"

मला वाटले, आता देशसेवेवर छोटेसे भाषण होणार. पोरीने खांदे उडवले आणि म्हणाली, "तिथे घोड्यावर बसायला शिकवतात, आजी."

सगळे हसले. मीही हसलो. मागाहून मात्र त्या हसण्याची मला थोडी लाज वाटली. आपल्याकडचे मोठमोठे सेनापती या वाटेला कसे लागले ते पाहिले, तर घोड्याचे कारण काही अगदीच हलके ठरत नाही.

सॅम माणेकशांचेच पाहा. अमृतसरच्या या पारशी डॉक्टरपुत्राला विलायतेत जाऊन वैद्यक शिकायचे होते. वडिलांनी नकार दिला. पोराने रुसून, वडिलांवर सूड म्हणून, सैनिकी परीक्षेचा अर्ज भरला आणि तो पासही झाला. पुढे फील्ड मार्शल झाल्यावर ते स्वतःच ही हकीकत मिस्किलपणे सांगत. 1971 च्या विजयामागे, असे म्हणायला हरकत नाही, एका बापलेकाचे भांडण आहे!

पण माणेकशांना निदान परीक्षा देता आली. त्यांच्या आधीच्या पिढीला तेही सुख नव्हते. 1917 पर्यंत आपल्या माणसाची मजल फार तर सुभेदार-मेजरपर्यंत. तीस वर्षे पलटणीत काढलेल्या सुभेदाराने कालपरवा विलायतेहून आलेल्या गोऱ्या पोराला सलाम ठोकायचा, असा रिवाज. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी रक्त सांडले, तेव्हा कुठे राजाची सनद हिंदी माणसाला मिळू लागली आणि 1918 पासून सँडहर्स्टच्या विद्यालयात वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहा! त्याही ज्यांच्या वडिलांची थैली जड त्यांनाच झेपणाऱ्या. 1923 साली आणखी एक युक्ती निघाली. आठ पलटणी निवडून हिंदी अधिकाऱ्यांना तेवढ्यांतच नेमायचे, म्हणजे कुणा गोऱ्यावर काळ्याच्या हाताखाली राहण्याची पाळी यायला नको. काही क्लबांची दारे त्यांना बंद होती, ते वेगळेच.

अशा ठिकाणी माणूस जातो कशाला? रुबाब, घोडा, पोलो, खानदानाची रीत, बापाची हौस. कारणे अशीच होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मला अधिक कुतूहल आहे ते दुसऱ्या प्रश्नाचे. ते तिथे राहिले का?

कूर्गचे थिमय्या 1930 च्या सुमारास अलाहाबादला होते. बाहेर सत्याग्रह पेटलेला, आणि आपल्या अंगावर राजाचा गणवेश. या तरुण अधिकाऱ्यांना त्याची टोचणी लागली. राजीनामे द्यावेत काय, असे त्यांनी मोतीलाल नेहरूंना विचारले. मोतीलालजींनी त्यांना थोपवले. स्वराज्य येणारच, ते आल्यावर सैन्य चालवणारी शिकलेली माणसे लागतील, ती आणायची कुठून, असा त्यांचा रोख होता. तुरुंगात जाणाऱ्याला हारतुरे मिळत होते. या पोरांनी मात्र परक्याचा गणवेश घालून, स्वकीयांची बोलणी खात, न दिसणाऱ्या दिवसाची वाट पाहायची! मला तर तुरुंग सोपा वाटतो.

1932 साली डेहराडूनला आपली सैनिकी प्रबोधिनी निघाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण. त्यांत माणेकशा होते, तसे पलटणीतून वर चढलेले शिपाईही होते. उद्घाटनाला सरसेनापती चेटवुड आले. त्यांनी सांगितले, की तुमच्या देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण नेहमी प्रथम; त्यामागून तुमच्या हाताखालच्या माणसांचे; तुमचे स्वतःचे सर्वांत शेवटी. हे शब्द आजही त्या वास्तूत कोरलेले आहेत. पण त्या दिवशी समोर बसलेल्यांच्या मनात काय आले असेल? 'तुमचा देश' म्हणजे कुठला? बोलणारा तर राजाचा नोकर. पुढे उत्तर निघाले ते असे: त्या चाळिसांतले स्मिथ डन 1948 साली ब्रह्मदेशाचे सेनापती झाले, महंमद मुसा 1958 साली पाकिस्तानचे आणि माणेकशा 1969 साली भारताचे. वर्ग एक, देश तीन.

हा पेच आपल्या मराठी मुलखातही होता. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आणि सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, दोघेही सँडहर्स्टचे. 1942 साली सिंगापूर पडले, भोसले जपान्यांच्या हाती सापडले, आणि पुढे सुभाषबाबूंच्या आझाद हिंद फौजेत वरच्या अधिकारपदावर गेले. थोरात राजाच्याच सैन्यात राहिले. जानेवारी 1945 मध्ये आराकानात कांगॉ येथे एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी तीन हिंदी अधिकारी लढवत होते: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही शौर्यपदके मिळाली. भोसले त्या वेळी पलीकडच्या बाजूला होते. दोघांतला कोण चुकला, हे ठरवण्याची माझी छाती नाही. स्वातंत्र्यानंतर भोसले केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि शाळकरी मुलांना शिस्त लावण्याच्या योजनेत रमले.

मोतीलालजींचा शब्द खरा ठरला, तो बघायला ते हयात नव्हते. 1953 साली कोरियातले युद्ध थांबले. मायदेशी परतायला राजी नसलेल्या कैद्यांचे करायचे काय, यावर घोडे अडले, आणि त्यांना सांभाळण्याचे काम भारताकडे आले. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आपल्या फौजेचे प्रमुख थोरात. एके दिवशी बिथरलेल्या कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवले. थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि बंदुका न चालवता त्याला बाहेर घेऊन आले. हाताखालचा माणूस आधी आणि आपला जीव मागून, हे चेटवुडचे गणित त्यांनी कोरियाच्या मातीत सोडवून दाखवले.

हे सगळे मी त्या रात्री पणत्यांत तेल घालता घालता पुतणीला सांगितले. आईही जवळच बसून ऐकत होती. तिने विचारलेले 'का' म्हणजे खरे तर 'आमचे काय' असे होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळले.

"मग काका, मुलाखतीत विचारले तर मी काय सांगू?" पोर म्हणाली.

"घोड्याचे सांग," मी म्हटले.

आईने पणतीची वात पुढे सारली. "आधी गल्लीतली सायकल न पडता चालव म्हणावं," ती म्हणाली, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती ते तिने दोनदा विचारून घेतले.