घोडनदीचा पाट

नदीकाठची संस्कृती म्हटली की शाळेच्या पुस्तकापासून आपल्या डोळ्यांपुढे नाईल, युफ्रेटिस आणि सिंधू उभ्या राहतात. मुबलक पाणी, पुराचा गाळ, भरघोस पीक आणि मग शहरे, असा तो ठरलेला क्रम. मी बोरिवलीत दहिसर नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि हा क्रम मला बरीच वर्षे खटकत आला आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरकडे एवढा पाऊस अख्ख्या वर्षातही पडत नाही. तरी महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची खेडी सापडली ती त्या कोरड्या मुलखात. आमच्या कोकणपट्टीत नाही.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले आणि तांबूस खापरांवर काळी नक्षी काढणाऱ्या त्या ताम्रपाषाणयुगीन लोकांना गावाचे नाव मिळाले. नेवासे, चांडोली, दायमाबाद, प्रकाशे ही त्यांचीच ठाणी. बहुतेक सगळी सह्याद्रीच्या पूर्वेला. कारण समजायला कठीण नाही. घाटाखाली पावसाने माजलेले दाट रान होते. तांब्याच्या मोजक्या कुऱ्हाडी आणि गारगोटीची पाती यांनी ते हटणारे नव्हते. देशावर रान विरळ होते आणि नदीकाठची जमीन लोखंडी फाळाशिवायही कसता येत होती. मात्र तिथे पावसाचा भरवसा नव्हता.

या अडचणीला त्यांनी दिलेले उत्तर शिरूर तालुक्यात इनामगावला पाहायला मिळते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे ते खणले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास घोडनदीच्या काठी ही वस्ती सुरू झाली. इ.स.पू. १४०० नंतरच्या थरांत उत्खननकारांना एक पाट सापडला: सुमारे ११८ मीटर लांब, चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, आणि कडेने दगडमातीचा बांध. पुराचे पाणी वळवून शेताकडे न्यायचे, ही त्यामागची योजना. पिके जव, गहू, मसूर आणि कुळीथ यांची.

एवढे खोदकाम एका कुटुंबाचे नव्हे. गाव एकत्र आणायला, पाळ्या लावायला, भांडणे मिटवायला कोणीतरी लागतो. वस्तीच्या मध्याला पाच खोल्यांचे एक घर निघाले आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. उत्खनन करणाऱ्या डॉ. म. के. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचे घर मानले. मला ते पटते. पाणी कमी असले की त्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या हाती गावाची सूत्रे जातात. इजिप्तमध्ये तरी वेगळे काय होते? तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. नदीचे आलेले पाणी अडवून वाटून घेणे, यातूनच ते राज्य उभे राहिले.

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. प्रवरा-गोदावरीकाठची बहुतेक खेडी ओस पडतात. इनामगाव टिकते, पण ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गहू जवळजवळ दिसेनासा होतो आणि हरणांची हाडे वाढतात. पाऊस घटला म्हणून शेतकरी अर्धे भटके झाले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन. सगळे खापर हवामानावर फोडणे काही अभ्यासकांना मान्य नाही. जमिनीचा कस आणि माणसांनी केलेली रानतोडही ते हिशेबात धरतात. मला लक्षणीय वाटते ते पुढचे: अशा अवस्थेतही लोक तिथे आणखी तीनशे वर्षे राहिले. ती गोल झोपडी मला निव्वळ ऱ्हासाची खूण वाटत नाही. कमी पाण्यात तग धरण्याची ती रीत होती.

या चिकाटीमागे काय असावे, याचा माग घरांच्या जमिनीखाली लागतो. दगावलेली मुले दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरलेली. प्रौढांना पुरताना पावले घोट्यापासून तोडलेली. मेलेल्यानेही घर सोडून जाऊ नये, असा त्याचा अर्थ लावतात. त्याच माणसांच्या वंशजांनी इ.स.पू. ७०० च्या सुमारास ते गाव सोडले. पुरलेले सगळे मागे राहिले.

कोकणातल्या पाण्याला जाणते हात लाभले ते पुढे, कान्हेरीला. तिथल्या भिक्षूंच्या विहारांशेजारी कातळात टाकी खोदली गेली. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. धो धो पावसाच्या डोंगरातही उन्हाळ्यासाठी पाणी साठवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच डोंगरातून आमची दहिसर नदी निघते. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना भिंती बांधल्या, उन्हाळ्यात तिच्याकडे पाठ फिरवली आणि पावसाळ्यात तिला घाबरून राहू लागलो. पिण्याचे पाणी शंभर किलोमीटरवरच्या धरणांतून नळाने येते. घोडकाठच्या त्या शेतकऱ्याला आपला पाट कुठून येतो आणि कोणाच्या शेतात जातो, हे ठाऊक होते. आमच्या इमारतीतल्या किती जणांना आपले पाणी कुठून येते हे सांगता येईल?