मृगवनी : दोन जलाशयांमधील अरण्य

हैदराबादच्या पश्चिमेला, चिलकूर गावाजवळ, उस्मानसागर आणि हिमायतसागर या दोन जलाशयांच्या मधल्या टापूत ‘मृगवनी राष्ट्रीय उद्यान’ वसले आहे. १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या वनाचे क्षेत्र जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर आहे. आकाराने लहान असले तरी महानगराच्या वेशीवरील या वनाचे मोल मोठे आहे. विद्यानगरसारख्या दाट वस्तीतून निघालेला पदभ्रमंतीचा हौशी सकाळच्या वेळात येथे येऊन, रान पाहून दुपारपर्यंत घरी परतू शकतो.

जलाशयांची जन्मकथा

या वनाची कथा पाण्यापासून सुरू होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पूर अडवावा आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळावे, अशी दुहेरी योजना त्यांनी सुचवली. त्यातून मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर (लोकांच्या तोंडी ‘गंडीपेट’) आणि तिची उपनदी ईसीवर १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. पुढे कित्येक दशके शहराची तहान प्रामुख्याने या दोन जलाशयांनी भागवली.

पायवाटा आणि वनसंपदा

येथील भूभाग दख्खनच्या पठारावरील प्राचीन ग्रॅनाइटचा आहे. उंच डोंगर नाहीत. हलके चढउतार, अधूनमधून मोठाले गोल शिलाखंड आणि झुडपी रान, असे त्याचे रूप. त्यामुळे सह्याद्रीच्या दमछाक करणाऱ्या चढणींची सवय असलेल्या गोमंतकीयाला या वाटा सोप्या वाटतील. साग, चंदन, बांबू, पळस, बहावा ही शुष्क पानझडी वनातील झाडे येथे आढळतात. चितळांचे कळप, सांबर, रानडुक्कर, ससे आणि मोर यांचा येथे वावर आहे. घोणस आणि धामणही आहेत. म्हणून पायवाट सोडून गवतात शिरू नये. निरीक्षण मनोऱ्यावरून वनाचा विस्तार नजरेत येतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा भ्रमंतीचा उत्तम काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन पळस फुलतो आणि विरळ झालेल्या रानात प्राणी सहज दिसतात. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात मात्र सकाळ वगळता फिरणे टाळावे. मेहदीपट्टणमहून चिलकूरकडे शहर बस जाते. पुढे विजापूरकडे जाणाऱ्या याच रस्त्यावर चेवेळ्याच्या बाजूस सुमारे ९०० जुन्या वडांची रांग आहे. रस्ता रुंदीकरणापासून ती वाचावी म्हणून नागरिकांनी दीर्घ लढा दिला.

नियम कशासाठी?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानाला अभयारण्यापेक्षा कडक संरक्षण असते. अभयारण्यात परवानगीने गुरे चारता येतात. राष्ट्रीय उद्यानात चराईला बंदी आहे. प्रवेश ठरलेल्या वेळेत, शुल्क भरून आणि आखलेल्या वाटांनीच करावा लागतो. विस्तव, प्लास्टिक, गोंगाट आणि प्राण्यांना खाऊ घालणे वर्ज्य.

कुंपणापलीकडचा प्रश्न

वनाला कुंपण घालता येते, पाणलोटाला नाही. हे ओळखून तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने १९९६ साली शासन आदेश क्रमांक १११ काढला. दोन्ही जलाशयांपासून १० किलोमीटर परिघातील ८४ गावांत प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना त्याने मज्जाव केला. एका तेल उद्योगाला दिलेल्या सवलतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तेथे १९९९ आणि २००० मधील निकालांत न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व उचलून धरले : आपल्यामुळे धोका नाही, हे उद्योगानेच सिद्ध करावे. २०२२ मध्ये मात्र तेलंगण शासनाने हे निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. शहराला आता कृष्णा, गोदावरीचे पाणी मिळते, हा त्यामागचा युक्तिवाद. जमीन विकता न आल्याने या गावांतील शेतकऱ्यांची कोंडी झाली होती, हेही खरे. तथापि जलाशयांचे दुसरे काम पूर रोखण्याचे आहे, आणि ते अद्याप संपलेले नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने त्याची आठवण करून दिली.

गोव्याला हा विषय परका नाही. सांगे तालुक्यातील साळावली धरणातून दक्षिण गोव्याला पाणी मिळते आणि त्याच्या पाणलोटाला १९९९ साली घोषित झालेल्या नेत्रावळी अभयारण्याचा आधार आहे. सावरीच्या धबधब्याकडे जाणारी रानवाट तुडवताना आपण आपल्याच नळाच्या पाण्याच्या उगमाजवळ असतो. मृगवनीच्या वाटाही हैदराबादकरांना हेच सांगतात : अरण्य राखले, तरच जलाशय राहतो.